कॅसेटमध्ये न दिसलेली अक्षदा

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एखादं काम इतकं नीट करता की ते कुणाला दिसतच नाही. भात करपला तर साऱ्या घराला कळतं. न करपलेल्या भाताचं कौतुक कोण करतं? आता स्वतःला एका मोठ्या मैदानावर उभं करा. मैदान कुवेतमधलं आहे. गवत खोटं, ऊन मात्र अगदी खरं. तुमच्या मागे तुमच्या संघाचा गोल आहे. तुम्ही दोन पावलं डावीकडे सरकता, मैत्रिणीला हाक मारून उजवीकडे पाठवता, आणि समोरून धावत येणारी मुलगी वाट बंद झालेली पाहून चेंडू भलतीकडेच मारते. काय झालं? काहीच झालं नाही. आणि ते तुमच्यामुळे झालं नाही.

हे काम करणाऱ्या मुलीचं नाव होतं अक्षदा. वय तेरा, इयत्ता आठवी, राहणार हवल्ली, चौथा मजला. आणि काहीच होत नाही म्हणून मैदानाच्या कडेला घामाघूम होणारे गृहस्थ, ते तिचे बाबा, जयराम.

जयराम मूळचे वेंगुर्ल्याचे. शुवैखमध्ये एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळे, की गोल झाला की लोक ओरडतात. अक्षदानं दोन वर्षांत एकही गोल केला नव्हता. तरी ते दर शुक्रवारी नेमानं जात, थंड पाण्याची पेटी सांभाळत, आणि घरी येताना तिला म्हणत, "आज पण छान उभी होतीस."

दोन हजार दोन सालच्या एप्रिलमध्ये क्लबचे प्रशिक्षक इद्रीससर यांनी पालकांना बोलावलं. इद्रीससर सुदानचे. उंच, शांत, आणि पंधरा वर्षं कुवेतमध्ये राहून मोडकीतोडकी हिंदी शिकलेले. त्यांनी सांगितलं की क्लब मुलींचा एक निवडक संघ काढतोय. आठवड्यातून चार दिवस सराव, सामने बहारीनला आणि दुबईला. निवड समिती करणार, आणि त्यासाठी प्रत्येक मुलीनं आपल्या एका सामन्याची व्हिडिओ कॅसेट द्यायची. जाता जाता ते असंही म्हणाले, की क्लबमधल्या दोन मोठ्या मुलींना अशाच कॅसेटी पाहून अमेरिकेतल्या कॉलेजांनी घेतलं, फीसुद्धा माफ केली.

जयरामांनी फक्त हे जाता जाताचं वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवशी घरात नकाशाचं पुस्तक आलं. जयराम एसीवाले, त्यामुळे त्यांनी कॉलेजं तापमानावरून निवडायला घेतली. मिनेसोटा पहिल्या फटक्यात बाद झालं. "तिथे अख्खं गावच फ्रीजरमध्ये ठेवलंय," ते म्हणाले. टेक्सास बाद, कारण मग कुवेतनं काय घोडं मारलंय. कॅलिफोर्नियाभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल काढला. कॉलेजला अजून पाच वर्षं होती, पण मुलीला तिथे खोबरेल तेल मिळेल की नाही, याची चौकशी त्यांनी वर्कशॉपमधल्या इंजिनिअरसाहेबांकडे करून ठेवली.

अक्षदाची आई मुक्ता एका भारतीय शाळेत बालवर्गाला शिकवायची. बेचाळीस मुलांना एका वेळी डबा उघडायला लावणारी बाई अशी सहजासहजी वाहून जात नाही. तिच्या डोक्यात होती दर्शना मॅडमची गणिताची शिकवणी. आठवी ते दहावी, तीन वर्षांची बॅच, आणि त्यात उरलेली एकच जागा. शिकवणीचे वार आणि सरावाचे वार नेमके तेच. जागेचं हो-नाही रविवारी सकाळी कळवायचं होतं.

"पाय मुरगळला तर तुमचं कॅलिफोर्निया गेलं," ती जयरामांना म्हणाली. "बीजगणित मुरगळत नाही."

यावर जयरामांनी नुसता आवाज वाढवला. दोन दिवस घरात कॅलिफोर्निया आणि बीजगणित यांची जुंपली. शेवटी तोडगा मुक्तानंच काढला. शनिवारी संध्याकाळी इद्रीससर कॅसेट न्यायला घरी येणार होते. त्यांनी ती पाहून तोंडावर सांगितलं की ही मुलगी निवडण्यासारखी आहे, तर क्लब. नाहीतर रविवारपासून दर्शना मॅडम आणि फुटबॉल बंद. पुरता बंद, शुक्रवारचासुद्धा.

अक्षदाला कुणी काही विचारलं नाही. ती "ओके" म्हणाली आणि आत गेली. घरी ती बहुतेक एवढंच बोलायची. पण त्या रात्री ताटातली आवडती सोलकढी तशीच राहिली. मुक्ताच्या ते लक्षात आलं, आणि तिनं ते जयरामांना सांगितलं नाही.

आता कॅसेट काढायची कुणी? जयरामांसमोर एकच नाव होतं: बाळा.

बाळा मालवणचा, दिवसा इलेक्ट्रिशियन, सुट्टीच्या दिवशी व्हिडिओवाला. कुवेतमधल्या आपल्या लोकांची बारशी, साखरपुडे, गणपती, सगळं त्याच्याच कॅमेऱ्यात. या कॅसेटी गावी जात, आणि गावी त्या समारंभ पाहायला कुणी लावत नसे. आपला माणूस कुठे दिसतो, तेवढंच लोक बघत. एकदा एका बारशात बाळाच्या हातून गवंडीकाम करणाऱ्या एका गृहस्थांचा चेहरा राहिला. गावी त्यांच्या आईनं तीन वेळा कॅसेट पाहिली, मुलगा दिसला नाही, म्हणजे नक्की इस्पितळात आहे असं ठरवून आठवडाभर अन्न टाकलं. तेव्हापासून बाळानं नियमच केला होता: आधी माणसं, मग कार्यक्रम. एकही चेहरा राहता कामा नये.

शुक्रवारी सकाळी बाळा कॅमेरा खांद्यावर घेऊन मैदानावर आला आणि नियमाप्रमाणे कामाला लागला.

सामना सुरू झाला. अक्षदा मागे, आपल्या जागी. लैला तिच्या उजव्या हाताला, रहिमा पुढे. दहा मिनिटं काहीच झालं नाही, म्हणजे अक्षदा उत्तम खेळत होती. जयरामांचा जीव मात्र खालीवर होऊ लागला. असं नुसतं उभं राहिलेलं अमेरिकेत कोण बघणार?

"अक्षदा, पुढे जा," त्यांनी रेषेवरून हाक दिली. "कॅमेरा आहे, पोरी. गोल कर एक."

तिनं मान वळवून पाहिलं. बाबा दोन्ही हातांनी तिला ढकलल्यासारखं करत होते. ती क्षणभर घुटमळली आणि गेली पुढे. तिच्या जागी जी पोकळी झाली, तिच्यातून समोरच्या संघाची एक मुलगी जत्रेत फिरायला आल्यासारखी आरामात आली आणि गोल करून परत गेली.

इद्रीससर रेषेवरून चालत जयरामांपाशी आले. अतिशय नम्रपणे त्यांनी विनंती केली, की पाण्याच्या बाटल्या मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला लागतील, तर आपण त्या घेऊन तिकडेच थांबाल का? जयराम खूश होऊन गेले. तिथून त्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता, हे त्यांना सामना संपेपर्यंत कळलं नाही. अक्षदा आपल्या जागी परतली, पुन्हा काहीच होईनासं झालं, आणि शेवटी शेवटी रहिमानं एक गोल करून बरोबरी साधली.

शनिवारी संध्याकाळी इद्रीससर आले. मुक्तानं थालीपिठं केली होती. बाळा कॅसेट घेऊन आला, आणि दारातूनच ओशाळून म्हणाला, "दादा, सनई घालूक वेळ गावलो नाय हां. तशीच आणलंय." प्रत्येक कॅसेटवर तो मूळ आवाज काढून सनई घालत असे. जयरामांनी मोठ्या मनानं माफ केलं आणि कॅसेट लावली.

झेंडूच्या चौकटीत अक्षदाचं नाव उमललं. मग लैलाचे वडील आले. ते थर्मासमधून चहा ओतत होते, आणि तो पूर्ण ओतून होईपर्यंत कॅमेरा हलला नाही. मग रहिमाची आई, भाऊ, धाकटा भाऊ. मग कुणाची तरी मावशी, तिच्या शेजारची बाई, त्या बाईची पर्स. पंच आले, कॅमेऱ्याकडे पाहून त्यांनी केस सारखे केले. लैलाच्या आजी तोंडासमोर पंखा धरून बसल्या होत्या. बाळा पंखा बाजूला व्हायची वाट बघत थांबला, आणि त्याच वेळी मागे कुठेतरी आरडाओरडा झाला.

"ते काय होतं?" मुक्तानं विचारलं.

"रहिमाचो गोल," बाळा म्हणाला. "पण आजीचो चेहरो गावलो शेवटी, वैनी."

चाळीस मिनिटांत अक्षदा दोनदा दिसली. एकदा बुटाची नाडी बांधताना, आणि एकदा तिची अर्धी पाठ. जयराम सोफ्यात रुतत चालले होते. कॅलिफोर्निया त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडत होतं. मुक्तानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पण जिंकल्याचा आनंद काही तिला होईना. दाराशी जमिनीवर बसलेल्या अक्षदानं गुडघ्यांत तोंड घातलं होतं.

इद्रीससर पुढे सरकून बसले. त्यांनी कॅसेट मागे घ्यायला सांगितली. मग उठून चहाच्या टेबलावरचा कपडा उचलला आणि सरळ टीव्हीवर पांघरला.

"अब देखना बंद," ते म्हणाले. "सिर्फ सुनो."

कपड्याआडून आवाज येऊ लागला. चहाचा, गप्पांचा, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून एका मुलीचा. खणखणीत, न थकणारा. "लैला, राइट. रहिमा, मागे ये. अगं मागे. थांब, थांब... आता जा." सामन्यात विरुद्ध संघाला कळू नये म्हणून तिनं साऱ्या मैत्रिणींना आठ-दहा मराठी शब्द शिकवून ठेवले होते. लेबनॉनची लैला "थांब" म्हटल्यावर वेंगुर्ल्याच्या पोरीसारखी थांबत होती.

"ही आपली अक्षदा?" मुक्ता हळूच म्हणाली. घरी दोन शब्दांच्या वर न जाणारी मुलगी, आणि इथे अख्खा संघ तिच्या बोलण्यावर चालत होता. बेचाळीस मुलांना आवाजानं सांभाळणाऱ्या बाईला त्या आवाजाची किंमत कुणी समजावून सांगायला नको होती.

मग एका ठिकाणी तो आवाज अचानक बंद पडला. त्याच्या आधी एक जाड आवाज ऐकू आला होता: "कॅमेरा आहे, पोरी. गोल कर एक." थोडी शांतता, आणि मग समोरच्या संघाचा जल्लोष. इद्रीससरांनी जयरामांकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. जयराम थालीपिठाचा एक तुकडा बराच वेळ चावत राहिले.

इद्रीससर म्हणाले की ते हीच कॅसेट समितीला देणार, वर असाच कपडा टाकून. ही मुलगी निवडण्यासारखी आहे, हे ते आज तोंडावर सांगतात. अमेरिकेचं विचाराल तर ती तेरा वर्षांची आहे. पुढचं कुणीही प्रामाणिक माणूस सांगू शकणार नाही. मग त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. खाली पालकांची सही हवी होती.

अर्ज जयरामांनी घेतला. नाव, वय, पत्ता लिहिला. खेळण्याची जागा या रकान्यापाशी ते अडले, आणि त्यांनी लिहिलं: डिफेंडर किंवा फॉरवर्ड.

"किंवा कशाला?" मुक्तानं विचारलं.

"अगं, कॉलेजवाल्यांना गोल लागतात. आपलं असू दे एक."

"आणि आठवड्याचे चार दिवस? गणित कधी करणार ती?"

"तू शब्द दिला होतास."

"शब्द दिला होता, सही नव्हती दिली." पुन्हा जुंपणार, एवढ्यात मुक्ता थांबली. तिनं दाराकडे पाहिलं. "तुला काय हवंय गं, अक्षदा? आम्ही विचारलंच नाही."

सगळे तिच्याकडे वळले. आता ती "ओके" म्हणणार, असं जयरामांना वाटलं.

अक्षदा उठली. बाबांच्या हातातलं पेन तिनं घेतलं, "किंवा फॉरवर्ड" यावर एक सरळ रेघ ओढली, आणि अर्ज फिरवून आईसमोर ठेवला. पेन त्यावर आडवं ठेवलं. मग ती कोपऱ्यातल्या फोनपाशी गेली, आईच्या वहीतून दर्शना मॅडमचा नंबर शोधून फिरवला, आणि सगळ्यांसमोर, स्वच्छ मराठीत म्हणाली, "मॅडम, नमस्कार, अक्षदा बोलतेय. मला तुमच्याकडे यायचंय, पण चार दिवस माझा सराव आहे. उरलेल्या दिवसांत आम्ही तिघी-चौघी मुली जमवल्या, तर तुम्ही वेगळी बॅच घ्याल का? मुली मी गोळा करते."