निळा ड्रम आणि मी

मी एक जुनी कणगी आहे, बांबूच्या कामट्यांची, शेणमातीनं लिंपलेली. मित्रांनो, खांडबाऱ्याजवळच्या पाड्यावर दानियलच्या ओसरीचा कोपरा अडवून मी उभी आहे. दानियलची बायको रिबेका सून म्हणून या घरात आली, तेव्हा माझ्या पोटातली ज्वारी बघून तिची आई म्हणाली होती, "पोरगी उपाशी राहणार नाही." माझं असं कौतुक कुणी कुणी केलंय, ते मी विसरलेले नाही.

मग नाशिकहून दिग्विजय आणि जागृती हे जोडपं आलं. आपलं पिकवायचं, आपलंच खायचं, हे इथं जमेल का, ते बघायला त्यांनी शेजारचं शेत वर्षभरासाठी घेतलं. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, माती कशी, स्टेशन किती लांब, दिग्विजय सगळं विचारायचा. पाड्यावरची माणसं कशी, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

त्यांनी धान्यासाठी निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला आणि त्यांच्या खोलीत मावेना म्हणून ठेवला माझ्याच शेजारी. दानियल त्याच्यावर टिचकी मारून म्हणाला, "उंदीर नुसता दात घासत बसेल. यंदा आपणही हाच घेऊ. ही जाईल चुलीत."

माझ्या कामट्या चरचरल्या. ड्रमात एक दाणा नव्हता, मित्रांनो. रिकाम्या पोटाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

भात कापणीला आलं. आमच्याकडे कापणीला लाहा बोलावतात. घरोघर जाऊन सांगितलं की सगळा पाडा कामाला येतो. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र घरधन्याच्या धान्याचं. दिग्विजय कुणाला सांगेना. दोघंच कापत राहिले. आभाळ भरून आलं तरी निम्मं भात उभं.

दोघं पाणी प्यायला ओसरीवर आले, तेव्हा रिबेकानं विचारलं, "भाऊ, पाड्यावर रुसलात का?"

"नाही ताई. लोकांना कशाला त्रास?"

"लोक विळे घासून बसलेत. विचारतात, आमच्या हातचं कापलेलं यांना पचत नाही का?"

जागृती उठली. "मी जाते सांगायला. पण ताई, जेवायला काय घालू? आमचा ड्रम तर रिकामा."

रिबेकानं सूप घेतलं आणि माझी ज्वारी उपसली. ड्रमवाल्यांच्या भाकरीसाठी माझं पोट! मी जळून गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस यायच्या आत शेत मोकळं झालं. जेवणं उरकल्यावर दानियल मला टेकून म्हणाला, "राहू दे तो ड्रम. झाकण फिरवता फिरवता पाहुणा उपाशी जायचा."

वाटलं, जिंकले. तेवढ्यात जागृती म्हणाली, "आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. ताई, अशी कणगी कोण विणतं?"

"शांतीबाई. तिच्या हातची कणगी म्हणजे नवरीच दिसते."

नवरी! मी या घरात उभं आयुष्य काढलं, मला कुणी नवरी म्हटलं नाही. मित्रांनो, पुढच्या वर्षी त्या नव्या नवरीला बघायला जरूर या. पण येताना मूठभर शेण आणा. माझं लिंपण खालून सुटत चाललंय. आधी माझ्यावरून हात फिरवा, मग खुशाल तिच्याकडे जा.