मोरपिसाचा अंक

"दक्षिणा राहू द्या वकीलसाहेब," हरिहरभटजी म्हणाले, "घरात मोरपिसाचा एखादा जुना अंक आहे का, तेवढं बघा."

सत्यनारायणाची आरती होऊन प्रसाद वाटणं चाललं होतं. वकिलांची बायको वच्छलाबाई पदराआड हसल्या. भटजींचं हे वेड सगळ्या राजापेठेला ठाऊक होतं. पन्नाशीचा माणूस, अमरावतीत चार चांगल्या घरांची भिक्षुकी हाती, आणि दक्षिणेच्या ताटाकडे न बघता पोराटोरांच्या चित्रांच्या गोष्टी मागत फिरतो! पेठेतली मुलं मागून त्यांना 'मोरपीस महाराज' म्हणत. तोंडावर म्हणाली असती तरी भटजी चिडले नसते, "तुझ्या घरी आहे का रे एखादा?" एवढंच त्यांनी विचारलं असतं.

गोपाळकृष्ण वकील मात्र हसले नाहीत. ते या पेठेत नुकतेच राहायला आले होते. त्यांनी भटजींना आतल्या खोलीत नेलं आणि काचेचं कपाट उघडलं. खाली कायद्याची जाड पुस्तकं आणि वरच्या फळीवर, खाकी कागदाची कव्हरं घातलेले, मोरपिसाचे अंक! भटजींचा हात नकळत पुढे गेला.

"हळू महाराज. कागद ठिसूळ झालाय," वकील म्हणाले. "तुमच्याकडे मोठा गठ्ठा आहे म्हणतात. सोनं आहे ते, माहीत आहे ना? नागपूरपर्यंतचे लोक शोधून राहिले आता."

"मला एकच पाहिजे," भटजी म्हणाले. "गोकुळातला नाग."

"तो तर कोणापाशीच नाही," वकील म्हणाले, आणि मग त्यांनी भटजींकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला तोच कशाला पाहिजे?"

भटजींनी प्रसादाचा द्रोण उचलला आणि ते घरी आले.

अकोल्याला खुशालराव नावाच्या गृहस्थांचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बैलबाजाराची हँडबिलं हा त्यांचा धंदा. पण लग्नसराई सरली की यंत्र रिकामं राहू नये म्हणून ते 'मोरपीस चित्रकथा' काढत. पातळ अंक, स्वस्त कागद, आणि निळा रंग हमखास सरकलेला, त्यामुळे राजाचा फेटा त्याच्या कानावरून बाहेर जायचा. स्वराज्य मिळाल्यावर सुरू झाली आणि बावन्न साली बंद पडली. तेव्हा अमरावती-अकोल्याबाहेर तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं. पोरांनी वाचली, फाडली, आणि उरलीसुरली किराणा दुकानात पुड्या बांधायला गेली.

त्यातली चित्रं काढायचा उद्धव, म्हणजे भटजींची बायको गोदावरी हिचा धाकटा भाऊ. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारा, बोटांच्या पेरांत रंग घेऊन जेवायला बसणारा. बहिणीकडे आला की आधी पिशवी खाली ठेवायचा आणि भाचीच्या पाया पडायचा. वऱ्हाडात मामाने भाचीच्या पाया पडायची रीतच आहे, पण उद्धव ती तमाशा करून पाळायचा. अंगणात लोटांगण घालायचा, आणि सहा वर्षांची मैना पाय मागे ओढून खिदळायची. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. उद्धव म्हणायचा, "ही करंगळी पाहा ताई. बोटाच्या खांद्यावर बसून जत्रा पाहून राहिली."

गोदावरीचा त्या पायांवर वेगळाच राग होता. मैना मोरीतून आली की ओल्या पायांनी साऱ्या घरभर फिरायची. सारवलेल्या जमिनीवर ठसेच ठसे. "पाय पूस गं, ओल्या पायांनी फिरते नुसती," हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा व्हायचं याला गणती नव्हती.

एका उन्हाळ्यात उद्धवने घंगाळ पालथं घातलं, त्यावर मैनेला उभी केली आणि हातात लाटणं दिलं. घंगाळ म्हणजे नागाची फणा, लाटणं म्हणजे बासरी. 'गोकुळातला नाग' या अंकाचं मुखपृष्ठ त्याने असं काढलं. छापून आलं तेव्हा सगळी पेठ बघायला आली. कृष्ण निळा होता, पण तोंड मैनेचं होतं; हनुवटीची खळी, एक भुवई जराशी वर, तश्शीच.

पुढच्या वर्षी मैनेला देवी निघाल्या. लिंबाचा पाला झाला, दारात पाणी शिंपून झालं, सारं झालं. उशाखाली तिने तो अंक ठेवून घेतला होता. ती गेल्यावर तिच्या अंथरुणाबरोबर तोही जाळला. तेव्हा कुणाला सुचलंच नाही. फोटो काढायचा होता, दिवाळीत काढू म्हणून राहिला. आणि उद्धव धारणीला जंगल खात्याच्या पाट्या रंगवायला गेला, तो हिवतापाने तिकडेच संपला. पुन्हा चित्र काढून देणारा हातही उरला नाही.

वर्षश्राद्धानंतर केव्हातरी गोदावरी जेवता जेवता म्हणाली, "अहो, मला तिचं तोंड आठवत नाही. डोळे मिटले की शेवटचंच दिसतं. फोडांनी भरलेलं. त्याच्या आधीचं येतच नाही."

भटजींनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनाही तेच दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंक मागायला सुरुवात केली. बारसं असो की बारावा, विधी आटोपला की हा प्रश्न. लोक हसत, माळ्यावरून काढून देत. राक्षसांचे मिळाले, चोरांचे मिळाले, बोलणाऱ्या गाढवाचा अंक तर चार वेळा मिळाला. गोदावरी प्रत्येक अंक पदराने पुसून ट्रंकेत ठेवायची. उद्धवाच्या हातचं काम म्हणून. पण कृष्णाचा अंक काही येईना. भटजी अकोल्याला खुशालरावांकडे गेले. तोवर छापखाना बंद होऊन तिथे सरकीचं दुकान झालं होतं.

"अंक तर नाहीच महाराज," खुशालराव म्हणाले. "ठोकळे होते चित्राचे, जस्ताचे. ते मोडीत घातले. आता काय सांगू तुमाले, माह्याच घरी एक प्रत नाई राहिली."

"पण बाकीचे सापडतात. हाच एक कसा कुठे मिळत नाही?"

"मले काय ठाऊक बाप्पा! खपला तर तोच सगळ्यात जास्त होता."

याचं उत्तर भटजींना त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मिळालं, आणि न मिळतं तर बरं झालं असतं. राजापेठेतल्याच एका यजमानीणबाईंनी सहज सांगितलं, "होता की आमच्याकडे! पण मुलांनी फाडला. तुम्हीच नव्हतं का सांगितलं, फाटका देव घरात ठेवू नये, रद्दीत तर देऊच नये, पाण्यात सोडावा? सोडला वडाळीच्या तलावात."

भटजींनीच सांगितलं होतं. दर दिवाळीच्या आवराआवरीत बायका विचारत आणि ते सांगत. घरोघर सांगितलं होतं. राक्षस आणि गाढवं माळ्यावर शाबूत राहिली, आणि ज्यावर देव होता तेवढा एकच अंक यजमानांनी भक्तिभावाने, हळद-कुंकू वाहून, बुडवून टाकला होता. त्या संध्याकाळी भटजी वडाळीच्या तलावावर जाऊन बसले. कागद पाण्यात टिकत नाही हे कळण्याइतके ते शहाणे होते, तरी काठाकाठाने काठीने शेवाळ उपसत राहिले. घरी येऊन धोतर धुवायला टाकलं, आणि गोदावरीला यातलं काही सांगितलं नाही.

सत्यनारायणानंतर आठवडाभराने वकिलांचं बोलावणं आलं.

"महाराज, त्या दिवशी मी पुरतं खरं बोललो नाही," वकील म्हणाले. "एक प्रत मी पाहिली आहे. एका पक्षकाराच्या घरी. लांबून पाहिली, पण तीच. मला काही ती मिळाली नाही आणि मिळायची नाही. तुम्हाला कदाचित देतील. गाव सांगतो, पण मग तुमचा गठ्ठा माझ्या कपाटात आला पाहिजे."

सौदा सरळ होता. छंदी माणसं अशीच असतात, त्यांत वाईट असं काही नसतं. भटजींनी घासाघीस केली नाही. घरी येऊन ट्रंक उघडली तेव्हा मात्र त्यांना गोदावरीकडे बघवेना. भावाच्या हातचं एवढंच तिच्याजवळ होतं. ती अंक हातात घेऊन एकेक पान बघत राहिली आणि मग तिनेच ते धोतराच्या फडक्यात बांधले.

"द्या," ती म्हणाली. "उद्धव असता तर त्यानेही दिले असते."

अंजनगाव सुर्जीची एस.टी. पकडताना भटजींनी देवघरातला पितळी बाळकृष्ण रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला. आज्याच्या वेळचा होता. देवाच्या बदल्यात देव द्यावा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. गोदावरीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सगळ्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "निळी असली तरी चालेल."

घर सापडायला वेळ लागला नाही. शेतकऱ्याचं मोठं घर, ओसरीवर कापसाचे ढीग, आणि त्यांच्यातून वाट काढत कौशल्याबाई पुढे आल्या, घरातल्या वडीलधाऱ्या. अमरावतीचे महाराज आपल्या पायाने दारी आले म्हणून त्यांना कोण आनंद!

"या वं माय, बसा. पाणी घ्या. आमच्या देवाचं दर्शन घ्याले आल्या? पाहा, कुठवर नाव गेलं त्याचं!" त्या गोदावरीच्या हाताला धरून आत घेऊन गेल्या. "नातवानं जत्रेतून आणला होता कागद. मंग त्याले देवी निघाल्या. डॉक्टर म्हणे काही खरं नाई. म्या याच्याच पुढं पदर पसरला. वाचला पोट्टा! आता माह्याहून उंच झाला. तवापासून रोज पूजा हाये. एक दिस खाडा नाई."

गोदावरी देवघराच्या दाराकडे बघत होती.

"तुमाले लेकरंबाळं?"

"एक मुलगी," गोदावरी म्हणाली. भटजींना वाटलं, ती पुढे 'होती' म्हणेल. ती म्हणाली नाही.

देवघर अंधारं होतं. कौशल्याबाईंनी समई पुढे सरकवली. लाकडी चौकटीत मुखपृष्ठ बसवलेलं होतं. चौकटीची काच आडवी तडकलेली. वरचा तुकडा कधीच पडून गेलेला, खालचा तसाच टिकलेला. नागाची फणा होती, बासरी होती, निळा रंग जिथे सरकायचा तिथे सरकलेला होता.

तोंड नव्हतं. जिथे तोंड होतं तिथे कुंकवाचा थर होता. कपाळाला लावलेलं गंध वर्षानुवर्षं खाली ओघळलं होतं, गालांवर लालभडक ठिपके सुकले होते, त्यांत अक्षतांचे दाणे रुतून बसले होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड भरलेलं.

 गोदावरी गुडघ्यांवर पुढे सरकली आणि नखाने गालावरचा एक ठिपका काढू लागली. ठिपका निघाला आणि त्याबरोबर खालचा कागदही निघून आला. तिने हात झटकन मागे घेतला आणि तो मुठीत मिटून पोटाशी धरला.

"नको वं माय, राहू दे. अंगाले लागलेलं कुकू हाये त्याच्या," कौशल्याबाई समजुतीने म्हणाल्या.

भटजींनी पिशवीतून रुमाल काढला.  तोंड गेलं होतं, तरी त्यांनी विचारलं. "बाई, हा आमच्या घरातला देव आहे. तुम्ही हा ठेवून घ्या, आणि तो कागद आम्हाला द्या."

कौशल्याबाईंनी त्या पितळी मूर्तीला आधी नमस्कार केला. मग म्हणाल्या, "महाराज, पूजेतला देव बदलते का? तुमीच सांगा. तुमी म्हणसान तर देतो म्या."

 यजमानांनी हेच विचारलं की 'पूजेतला देव बदलू नये' असंच भटजी आजवर सांगत आले होते. 'द्या' एवढा एक शब्द म्हटला असता तर बाईंनी चौकट काढून दिली असती. तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी बाळकृष्ण पुन्हा रुमालात गुंडाळला.

पाहुण्यांसमोर पूजा व्हावी म्हणून कौशल्याबाईंनी तांब्यात फूल बुडवून देवावर पाणी शिंपडलं. वरचे थेंब कुंकवात जिरले. खालचे काचेवर पडून तिथेच राहिले.

"अहो," गोदावरी म्हणाली. "पाय बघा."

भटजी वाकले. काचेखाली फणेवर दोन निळे पाय होते, वर्षानुवर्षं कुणाचा हात न लागलेले, काल छापल्यासारखे. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ती काही कुठल्या पोथीतल्या कृष्णाची नव्हती. भाचीच्या पायांवर डोकं ठेवून ठेवून उद्धवाला ती पाठ झाली होती. भटजींनी तिथेच, देवघराच्या उंबऱ्यावर, बायकांसमोर, धोतराचा सोगा तोंडात कोंबला.

गोदावरी रडली नाही. तिने ठेवणीतल्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला आणि काचेवरचं पाणी टिपू लागली. आधी उजवा पाय, मग डावा, मग करंगळीच्या फटीत.

"ओल्या पायांनी फिरते नुसती," ती म्हणाली.

कौशल्याबाई क्षणभर पाहत राहिल्या. अमरावतीकडे पूजेची अशी पद्धत असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून झाल्यावर त्यांनीही आपला पदर पुढे केला आणि देवाचे पाय कोरडे पुसले.