जिवाणू मी आणि तो उपटसुंभ विषाणू

मी एक जुना जिवाणू आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणतो खरा, पण आपली मैत्री नाही आणि होणारही नाही.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, एलाय नावाच्या मासेमाराच्या छातीत मी राहत होतो. खातो, वाढतो, तासाभरात एकाचे दोन होतो. माझा संसार माझ्या हिमतीवर. माझे कित्येक भाऊबंद तर तुमच्या आतड्यांत इमानेइतबारे राबतात. त्यांचे आभार कधी मानलेत? उलट आम्हाला त्या विषाणूच्या पंगतीला बसवता. तो माझ्याहून कितीतरी लहान आणि धड जिवंतही नाही. दुसऱ्याच्या पेशीत घुसल्याशिवाय त्याची पैदास होत नाही. हां, ताप आम्ही दोघंही आणतो, खोकल्यातून दोघंही पसरतो. तिथेच तुम्ही फसता.

एलायला डॉक्टरांनी दहा दिवसांच्या, जिवाणूंना मारणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. चार दिवसांत माझं खानदान कापलं गेलं. आम्ही मोजके चिवट तेवढे उरलो. तेवढ्यात शेवंडांचा, म्हणजे लॉब्स्टर पकडण्याचा, हंगाम उघडला. खोकला कमी झाला म्हणून एलाय बोटीवर गेला आणि त्याच्या बायकोने, डल्सीने, उरलेल्या सहा गोळ्या जपून ठेवल्या. दवाखाना दोन तास लांब. त्या गावात औषध फेकणं म्हणजे पाप.

मग डल्सीची थोरली बहीण ऊना फ्लूने आडवी झाली. ते काम विषाणूचं. डल्सी मागच्या दाराने सूप आणि गोळ्या घेऊन हजर.

"अगं, फ्लूला या चालत नाहीत, नर्स म्हणाली होती," ऊना कण्हत म्हणाली.

"नर्सला काय कळतंय? एलाय उठून बोटीवर गेला की नाही? गीळ मुकाट्याने."

ऊनाने रोज एक याप्रमाणे सहाही गिळल्या. विषाणू ढिम्म हलला नाही. त्याने तिची फुप्फुसं सोलून ठेवली. सातव्या दिवशी एलाय तिला मासे द्यायला आला आणि स्वयंपाकघरात उभा राहून खोकला. एव्हाना त्याच्या छातीत पुन्हा फोफावलेल्या आम्हा चिवटांना आयतं घर मिळालं. त्या गोळ्यांना मी आता भीक घालत नव्हतो. इस्पितळात आधी तेच औषध दिलं, दुसरं सुरू होईपर्यंत उशीर झाला. ऊना गेली.

"मी तर तिला औषध दिलं होतं," डल्सी नर्सला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. बरं वाटलं की गोळ्या सोडा. उरलेल्या गोळ्या आपल्या माणसांना वाटा. डल्सीचं ऊनावर फार प्रेम होतं. तुम्हीही असंच प्रेम करत राहा.