तो गोल इशबेलचा होता

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी वस्तूंनी कोपऱ्यात पडून गोड आठवणी सांगाव्यात अशी माणसांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शिंटी नावाचा खेळ खेळतात. त्या खेळाची मी काठी. हॉकीची काठी तुम्ही पाहिली असेल. मी तिची आडदांड मावशी समजा. आमच्या खेळात चेंडू डोक्यावरून उडवायला मनाई नाही आणि काठी हवेत फिरवायलाही नाही. त्यामुळे आमच्या किनलॉहन गावात चाळिशी उलटलेल्या माणसाचे पुढचे दात शाबूत दिसले, तर लोक विचारतात, "काय रे, तू खेळायचास की नुसता बघायचास?"

मला फर्करने घडवले. तो जंगलात झाडे तोडण्याचे काम करायचा. ओढ्यावर ओणवी झालेली एक फांदी त्याच्या डोळ्यांत भरली होती. सरळ लाकूड वाफ देऊन वाकवले तर पहिल्या दणक्यालाच ते आपला बाक विसरते, असे तो म्हणे. ज्याला जन्मतःच बाक आहे तेच टिकते. त्याने ती फांदी आणली, चुलीपासून बेताच्या अंतरावर हिवाळाभर वाळवली, मग चाकूने आणि काचेच्या तुकड्याने तासून तासून मला आकार दिला. शेवटी जवसाचे तेल चोळले. माझे टोक त्रिकोणी होते आणि मूठ बारीक होती. मूठ बारीक होती, कारण मी त्याच्या मुलीसाठी होते.

फर्करला मुलगे नव्हते असे नाही. दोन होते. थोरला बोटीवर गेला होता आणि धाकट्याला चेंडूची भीती वाटायची. इशबेलला कशाचीच वाटायची नाही.

शेजारीण दारातून म्हणाली, "फर्कर, पोरीच्या हातात काठी देतोस? उद्या तिच्याशी लग्न कोण करील?"

"ज्याला दात नकोत तो करील," फर्कर म्हणाला आणि तेलाचा बोळा फिरवत राहिला.

इशबेल हॉटेलात कामाला होती. गावातले एकमेव हॉटेल हेक्टर गिलँडर्सचे. शिंटी क्लबचा अध्यक्ष हेक्टर. मैदानही हेक्टरचेच. दुपारची भांडी घासून झाली की इशबेल मला घेऊन किनाऱ्यावर जायची. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते. तिथे ती एकटीच चेंडू मारायची. होड्यांच्या गोदामाला लाकडी दार होते. दाराला एक गाठ होती, आणि ती त्या गाठीवर नेम धरायची. गोदामवाला ओरडायचा, मग ओरडायचा थांबला आणि उंबऱ्यावर बसून पाहू लागला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. हातात जोर असलेली, डोळ्यांत नेम असलेली मालकीण मिळाली की काठीला आणखी काही नको असते.

मग ती नववर्षाची मॅच आली.

दर वर्षाच्या पहिल्या दिवशी आमचे गाव आणि डोंगरापलीकडचे आर्डनाश यांची मॅच होते. आदल्या रात्री दोन्ही गावे पिऊन तर्र होतात आणि सकाळी मैदानावर उतरतात. त्या वर्षी मैदानावर कडक गारठा होता. आमचा एक गडी बर्फावर घसरला, घोटा सुजून टम्म. दुसरा मैदानाच्या कडेला ओकत बसला. बदली म्हणून धडधाकट पुरुष शोधले, तर एकही सरळ उभा राहीना.

कडेला बायका सूपची पातेली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात इशबेल होती. फर्कर ओरडला, "इशबेल! काठी आण!"

"डोकं फिरलंय का तुझं?" हेक्टर म्हणाला. "बाईमाणूस मैदानात?"

तेव्हा हेक्टरचा मुलगा स्ट्रुअन, आमच्या टीमचा कॅप्टन, धापा टाकत आला. तो म्हणाला, "येऊ दे तिला, बाबा. आर्डनाशकडून हरण्यापेक्षा बरं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते ऐकल्याचे कुणालाही आठवेना.

इशबेलने ॲप्रन सोडला, पायांत भावाचे बूट होते, आणि ती धावली. आर्डनाशचे लोक आधी हसले. "ए किनलॉहन, सूप कोण वाढणार आता?" थोड्या वेळाने हसणे थांबले. तिने त्यांच्या आडव्या आलेल्या दोन गड्यांमधून चेंडू काढून दिला, एकाची काठी हातातून उडवली. बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. स्ट्रुअन चेंडू घेऊन गोलपाशी गेला आणि आडवा पडला. कुणी पाडला नाही, आपणच घसरला. चेंडू सुटून उंच उडाला. इशबेल मागून येत होती. तिने त्याला खाली पडूच दिले नाही. माझ्या टोकाच्या अगदी मधोमध चेंडू बसला. त्या दणक्याने माझ्या अंगातून जी लहर गेली ती मी शब्दांत कशी सांगू? गोलकीपरने हात हलवायच्या आत चेंडू जाळ्यात होता.

सगळ्या गावाने पाहिले. पाद्रीबुवांनी पाहिले, शाळामास्तरांनी पाहिले, गोदामवाल्याने पाहिले. फर्करने टोपी समुद्रापर्यंत जाईल अशी फेकली. आता सांगा, याहून जास्त साक्षीदार कशाला लागतात?

त्या संध्याकाळी हॉटेलात विजयाचे जेवण होते. क्लबचे जेवण, म्हणजे पुरुषांचे. हेक्टर इशबेलला म्हणाला, "काठी आजच्या पुरती देऊन ठेव गं. मधे मांडतो. सगळ्यांना बघू दे."

"आणि मी कुठे बसू, मालक?"

"तू बसतेस कुठे? स्वयंपाकघरात मटण खोळंबलंय."

मी टेबलाच्या मधोमध, मेणबत्त्यांच्या उजेडात. इशबेल ताटे घेऊन आत-बाहेर करत होती. स्ट्रुअनच्या पाठीवर थापा पडत होत्या. आधी तो म्हणाला, "अरे, मी तर पडलो होतो." दुसऱ्या ग्लासानंतर म्हणाला, "पडता पडता चेंडू उडवला मी." तिसऱ्या ग्लासानंतर त्याने काहीच म्हटले नाही. दुसरे म्हणत होते आणि तो मान डोलवत होता. लॅखी नावाचा ॲकॉर्डियनवाला तिथल्या तिथे गाणे जुळवू लागला. गाण्यात स्ट्रुअन वाघ झाला, वारा झाला, वीज झाली. इशबेलच्या नावात अक्षरे जास्त म्हणून ते चालीत बसत नाही, असे लॅखी म्हणाला. सगळे हसले.

आर्डनाशचे पाहुणेही हसले. त्यांच्यासाठी तर हे फारच सोयीचे होते. पोरीने हरवले असे घरी जाऊन कोण सांगणार? कॅप्टनने हरवले म्हटले की हरण्यालाही अब्रू असते. एरवी मेंढीच्या एका कोकरावरून भांडणारी दोन गावे त्या रात्री खोट्यावर एक झाली.

इशबेल मटणाची परात घेऊन आली. ती टेबलावर ठेवून तिने हात पुढे केला. "माझी काठी द्या."

"जेवण तर होऊ दे," हेक्टर म्हणाला.

"जेवा तुम्ही. काठी द्या."

हेक्टरने मला उचलून आपल्या खुर्चीमागे ठेवले. "ही आता गावाची आहे, पोरी. क्लबची इज्जत आहे. उगाच तमाशा करू नकोस." आणि लॅखीला खूण केली. ॲकॉर्डियन एवढ्या मोठ्याने वाजू लागला की पुढचे तिचे बोलणे ऐकू आले ते फक्त मला. ती म्हणाली, "इज्जत जिची आहे तिला विचारा." मग ॲप्रन खुर्चीवर टाकून ती निघून गेली. त्या हॉटेलात तिने पुन्हा काम केले नाही.

दुसऱ्या दिवशी फर्कर आला. तो भांडला, टेबल आपटले. हेक्टर शांतपणे म्हणाला, "पिऊन आलायस. घरी जा." फर्कर प्यालेला नव्हता. बारमध्ये शेजारपाजारचे लोक बसलेले होते. एकानेही ग्लासावरून मान वर केली नाही. मित्रांनो, हेक्टरवर माझा राग आहेच. पण त्या खाली घातलेल्या मानांवर जास्त आहे.

मग हॉटेलात माझा भिंतीवरचा जन्म सुरू झाला. मला व्हार्निशचे थरावर थर दिले. जवसाचे तेल लाकडाला श्वास घेऊ देते, व्हार्निश कोंडून मारते. खाली पितळी पाटी लागली : 'स्ट्रुअन गिलँडर्स यांनी याच काठीने विजयी गोल केला.' दर शनिवारी तेच गाणे. लॅखी मेला, तरी त्याचे गाणे मेले नाही. लोक माझ्याकडे बघून पाय आपटत ते म्हणायचे. शाळेतली मुले म्हणायची. पर्यटकांना ते फार आवडायचे. माझी निगा उत्तम होती. दर आठवड्याला फडके फिरायचे, आणि त्या फडक्याने पाटी लख्ख व्हायची. मला तोंड असते तर चावले असते.

खिडकीतून मैदान दिसायचे. इशबेलने गावातल्या मुली जमवल्या आणि हेक्टरकडे मैदान मागितले. तो म्हणाला, "पोरींच्या खेळाने गवत खराब होईल." त्या मैदानात आठवड्यातले सहा दिवस मेंढ्या चरायच्या! मेंढ्यांनी गवत खराब होत नव्हते. मुली किनाऱ्याच्या वाळूत खेळल्या. भरती आली की खेळ बंद. इशबेलने वडिलांकडून काठ्या घडवायला शिकून घेतले. तिने लग्न केले ते गोदामवाल्याच्या पुतण्याशी, आणि हो, त्याचे दात शेवटपर्यंत शाबूत राहिले. तिच्या मुली खेळल्या, मुलींच्या मुली खेळल्या. मधे हेक्टर वारला, तेव्हा कुठे मैदान मिळाले. जुन्या लोकांना खरे माहीत होते, ते एकेक करून गेले. जाताना कुणी सांगून गेले नाही.

गेल्या वर्षी किनलॉहनच्या मुलींच्या टीमने मोठा कप जिंकला. आता गावाने त्यांना डोक्यावर घेतले. जेवण त्याच हॉटेलात. इशबेलला हाताला धरून आणले, ती आता काठी टेकत चालते. मला पाहून ती थांबली. तिने पाटी वाचली. कधी वाचलीच नव्हती, कारण इतक्या वर्षांत ती या दारातून आत आली नव्हती.

स्ट्रुअन काउंटरमागे होता. म्हातारा, टकला, हॉटेलचा मालक.

"काढ खाली," इशबेल म्हणाली.

"इशबेल, आता जाऊ दे ना. म्हातारे झालो आपण. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीतच आहे."

"तुला माहीत आहे का?"

तो काउंटर पुसू लागला.

"तुला विचारतेय, स्ट्रुअन. तो गोल कुणाचा?"

टीमची कॅप्टन मॉर्व्हन ग्लास हातात धरून उभी राहिली. स्ट्रुअन हळू आवाजात म्हणाला, "तुझा." मग लगेच म्हणाला, "पण लोकांना गोष्ट आवडते गं. धंदा आहे माझा."

मॉर्व्हन खुर्चीवर चढली आणि तिने मला ओढून काढले. खिळे निघाले, भिंतीचा गिलावा पडला. इशबेलने मला हातात घेतले. तिची बोटे वाकडी झाली होती, पण मूठ तिलाच बसेल अशी होती. ती तडक मैदानात गेली, सगळ्या मुली मागे. मॉर्व्हनने चेंडू टाकला. इशबेलने मला फिरवले आणि मी मोडले. कोंडून कोंडून आतून पार वाळले होते मी. चेंडू जेमतेम हातभर गेला. मुली हळहळल्या. इशबेल मात्र म्हणाली, "भिंतीवर मरण्यापेक्षा हे बरं." त्या दिवशी माझ्या मनातले तिनेच बोलून टाकले.

आता मी दोन तुकड्यांत, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत असते. तिथे बातम्या कळतात. हॉटेलात काय झाले ठाऊक आहे? स्ट्रुअनने कुठून तरी दुसरी जुनी काठी आणली, त्याच पाटीच्या वर टांगली. पर्यटक तिच्याखाली फोटो काढतात. गाणे चालूच आहे. मॉर्व्हन ती पाटी उखडायला निघाली होती. इशबेलने अडवले. आता दर शनिवारी इशबेल तिथे जाऊन पाटीखालीच बसते आणि चहा मागवते. कुणी पाटी मोठ्याने वाचली की ती म्हणते, "हा माणूस तेव्हा पाठीवर पडलेला होता. गोल मी केला." स्ट्रुअन कुरकुरतो, गिऱ्हाइके पळतात म्हणून. ती म्हणते, "मग पाटी बदल." अजून त्याने बदललेली नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला फार जपले होते. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या गावात भिंतीवर काही टांगलेले असेल आणि खाली कुणाचे नाव असेल. ते वाचून पुढे जाऊ नका. हे ज्यांनी पाहिले ते कुठे आहेत, असे विचारा. आणि जिचे नाव तिथे नाही ती अजून जिवंत असेल, तर तिच्या घरी जा, तिच्या तोंडून ऐका, आणि बाहेर येऊन मोठ्याने सांगा. लवकर जा.