वस्तीवरचे सात फोन

लिंबाच्या फांदीला तारेनं बांधलेली पांढरी डबी.

“म्हशे, त्याला सांग, मोटार बंद कर म्हणावं.”

माघ महिना, आणि मावळतीला काळंकुट्ट आभाळ.

सात फोन.

लक्ष्मणरावानं ताडपत्रीचं एक टोक दगडाखाली दाबलं आणि दुसऱ्याकडं धावला. तोवर वाऱ्यानं पहिलं उडवलं. खळ्यावर वर्षाची तूर उघडी पडली होती. बायको कावेरीबाई हिमायतनगरच्या बाजाराला गेलेली. वस्तीवरचे बाकीचे आपापल्या राशींकडं पळालेले. उरला बांधापलीकडचा थोरला भाऊ, अण्णाराव. वाटणी झाल्यापासून आठ वर्षं दोघांत अबोला. अगदीच अडलं तर म्हशीला सांगायचं आणि भावानं ऐकायचं. म्हैस आज रानात होती.

त्यानं फोन काढला. इस्लापूरजवळच्या या वस्तीवर रेंज येत नाही, म्हणून त्याच्या लेकीनं, तनुजानं, एक ॲप करून दिलं होतं. इंटरनेट लागत नाही. लिंबावरच्या डबीच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर निरोप एकदम वाजतो. तिच्या नांदेडच्या कॉलेजचं काम असेल, असं त्यानं धरलं होतं.

“ह्यात एकाला वगळता येतं का?” त्यानं तेव्हा विचारलं होतं.

“न्हाई, बाबा. नावच टाकायचं नसतं. टप्प्यात असंल त्याला जातंय.”

“मंग मला नको.”

आज त्यानं अंगठ्यानं लिहिलं : ढग आलाय. तूर उघडी हाय. एकटा हाय.

शेवटचे दोन शब्द खोडले. पुन्हा लिहिले. पाठवलं.

निरोप पोचेल तसं पडद्यावर बाकीच्या सहा फोनांचं एकेक टिंब हिरवं होऊ लागलं. पाच झाली. सहावं जरा उशिरा झालं.

बांधावरून अण्णाराव धोतर खोचत आला. मागं त्याचा म्हातारा कुत्रा. भावाकडं न बघता तो कुत्र्याला म्हणाला,

“मोत्या, ह्याला सांग, दगड वाऱ्याच्या अंगाला ठेव म्हणावं. लई शहाणा हाय.”

“मोत्या बहिरा झालाय की.”

“मंग तूच ऐक.”

लक्ष्मणरावानं ताडपत्रीचं टोक पुढं केलं.

“धर, दादा.”

थेंब तडतडू लागले तेव्हा दोघं ताडपत्रीच्या दोन टोकांवर बसले होते, आणि मोत्या मधोमध.

सगळ्यांना एकदम ऐकू जाईल असं काहीतरी कर, असं तनुजाला दिवाळीत अण्णारावानं सांगितलं होतं.