उताणं कपाट

हिवाळ्यासाठी घरात आणलेलं आमचं कासव, बिस्किट, मी आणलेल्या महागड्या काचपेटीला आतून सारखं धडका देत होतं.

"डेल्बर्ट, त्याला काच कळत नाही रे, नुसतं बाहेरचं दिसतं," माझी बायको लोरीन म्हणाली. मग या बाईने माझं पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या आणि सरळ उताणं पाडलं! आत प्लास्टिक अंथरून वीतभर ओली माती, ओकचा पाचोळा, पाण्याची उथळ थाळी. वर उबेचा दिवा.

बिस्किट आत शिरलं, माती उकरली आणि गायबच झालं.

"एवढा खटाटोप करून दिसतही नाही!" मी करवादलो.

"ते आता घरी आलंय. घरी आल्यावर तू दार उघडं टाकतोस का?"

मी काचपेटी गुपचूप गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.