पंगतीचं शेवटचं पान

उंद्रीच्या मारुतीपुढं गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजून तयार होते, वरणाला फोडणी बसली होती, वांग्याच्या भाजीचा वास पार शाळेपर्यंत गेला होता, आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्या दयारामच्या घशाखाली घास उतरायची चिन्हं नव्हती. मारुतीच्या पायाशी लाल कापडात त्याचा टाइप केलेला प्रबंध ठेवला होता. लेकाचं पुस्तक पुरं होऊ दे, गावाला रोडगे घालीन, असा नवस त्याची माय मनकर्णाबाई बोलली होती. पुस्तकात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर अख्ख्या चिखली तालुक्यात ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं.

अडलं होतं ते दयारामचं. साल अडुसष्टचं. कॉलेजनं त्याला नोकरीवर घेतलं होतं ते डॉक्टरेटच्या अटीवर, आणि प्रबंध दाखल करायची मुदत उद्या संपत होती. त्याचे मार्गदर्शक नारायणराव सर मुद्दाम नागपूरहून आले होते. जेवण उरकलं की प्रबंध घेऊन ते दुपारच्या एसटीनं निघणार आणि उद्या सही करून विद्यापीठात देणार. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. फक्त चौथ्या प्रकरणातली एक ओळ दयारामला आठवडाभर झोपू देत नव्हती.

विषय होता संतत फलनांची वलयं. एखाद्या अवकाशावरची सगळी संतत फलनं, म्हणजे कुठंही एकदम उडी न मारणारी, गोळा करायची. त्यांची बेरीज होते, गुणाकार होतो. त्या सगळ्या गोतावळ्याला वलय म्हणायचं. दयारामचा दावा असा, की नुसतं वलय हाती दिलं तरी त्यावरून मूळ अवकाशाचा एकेक बिंदू हुडकून काढता येतो. रीत सोपी. वलयातला फलनांचा एक खास गट घ्यायचा. त्यातली कुठलीही दोन-चार फलनं उचलली, की ती एखाद्या बिंदूपाशी एकदमच शून्य होतात. म्हणजे गटातली सगळीच्या सगळी फलनंही कुठल्यातरी एका बिंदूपाशी शून्य होणार. तोच आपला बिंदू. यातलं ‘म्हणजे’ सरांचं होतं. इथं सिद्धता लिहू का, असं दयारामनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “उघड आहे. उगाच पानं वाढवू नका.” सरांना दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती नव्हती.

पंगत बसली. उंद्रीची रीत अशी, की शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पहिल्यानं रोडगा मोडायचा नाही, आणि ज्याच्या घरचं जेवण त्यानं ‘होऊ द्या’ म्हटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. सर मानाच्या पहिल्या पानावर बसले होते, दयाराम त्यांच्याजवळ उभा होता, आणि वाढणाऱ्यांवर त्याचे काका हिंमतराव ओरडत होते.

“कोन राह्यलं बे?”

टोकाला दोघे राहिले होते. त्यांना वाढेस्तोवर मळ्याकडून आणखी माणसं आली. पानं मांडली गेली.

“आता कोन राह्यलं?”

आता ते नवे राहिले होते. त्यांच्या पानावर वरण पडलं तोवर खालच्या आळीतली मंडळी हात धुऊन हजर. दयाराम गंमत म्हणून बघत होता, आणि बघता बघता त्याला चौथ्या प्रकरणातली ती ओळच समोर दिसली. काका केव्हाही विचारोत, कोणाचं तरी पान रिकामं असतंच. पण कायम रिकामं राहिलेलं पान दाखव म्हटलं, तर असं एकही पान नाही. रांगेला शेवट नसला तर हे असंच चालू राहील. रिकामं पान म्हणजे शून्य धरलं, तर कुठल्याही दोन-चार वेळा घेतल्या तरी कुठंतरी एकदमच शून्य, आणि सगळ्या वेळांचं मिळून एकाच जागी शून्य कुठंच नाही. ‘म्हणजे’ खोटं होतं. चौथं प्रकरण खोटं होतं, आणि त्यावर उभं असलेलं पाचवंही.

तो सरांजवळ खाली बसला. “सर, ती चौथ्या प्रकरणातली ओळ चूक आहे.”

“कोणती?”

“तुम्ही उघड म्हणाला होता ती.”

सरांच्या कपाळावरची शीर उठली. दयारामनं थांबायचं नाही असं ठरवून टाकलं आणि हलक्या आवाजात पंगतीकडं बोट करून सगळं सांगितलं. सर टोकाकडं बघत राहिले. तिथं पुन्हा एक पान मांडलं जात होतं.

“परीक्षक ती ओळ वाचणार नाहीत,” सर शेवटी म्हणाले. “वाचली तरी मान डोलावतील. मीही डोलावलीच की. आज नाही दिलात तर नोकरी जाईल. मी काही करू शकणार नाही. ठरवा तुम्ही.”

तेवढ्यात मनकर्णाबाई लाल कापडातलं गाठोडं दोन्ही हातांनी घेऊन आली. तिच्या तोंडावरचा आनंद बघून दयारामला भडभडून आलं.

“घे बाप्पा, दे सायबाच्या हाती. रोडगे थंडे होऊन राह्यले. झालं न पुस्तक?”

एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. सगळी पंगत त्याच्याकडं बघत होती.

“नाई झालं, माय.”

“काऊन? काल तं झालं होतं.”

“चूक निंगाली.”

मनकर्णाबाईनं गाठोडं छातीशी धरलं. “मंग आता गावाले काय सांगू?”

“मी सांगतो,” म्हणत सर उठले. धोतर सावरत ते पंगतीच्या टोकाशी चालत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पुस्तक राहिलं. मी विचार न करता हो म्हटलं, म्हणून राहिलं. हा पोरगा खरं बोलला.” मग ते शेवटच्या पानावर मांडी घालून बसले आणि हिंमतरावांना म्हणाले, “माझ्यानंतर पान मांडू नका. आता येतील ते दुसऱ्या पंगतीला.”

दयारामला त्यातलं गणित लगेच कळलं. जिला शेवट आहे अशा रांगेपुरतं ते ‘म्हणजे’ खरं होतं. तेवढी अट घातली की निम्मा प्रबंध उभा राहत होता. नोकरी मात्र राहत नव्हती.

सरांच्या पानावर वरण पडलं. कोणीच हात लावला नाही. मनकर्णाबाईनं डोळे पुसले आणि गाठोडं परत मारुतीच्या पायाशी नेऊन ठेवलं.

“आजचं जेवन सादं समजा,” ती पंगतीला म्हणाली. “नवस राह्यला. पुस्तक खरं झालं का पुन्हा रोडगे घालीन. सायेब, तुमीबी या.”

मग ती लेकाकडं वळली. “बोल आता. लोक उपाशी हायेत.”

“होऊ द्या,” दयाराम म्हणाला.